कॅन्सरने काही शिकवलंच पाहिजे का?

तुमचा प्रश्न इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडते. वय ४६, स्तनाचा कॅन्सर, दुसरा टप्पा. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन पार पडलं. आता टॅमॉक्सिफेन या संप्रेरकविरोधी औषधाची गोळी चालू आहे. डॉक्टर रिपोर्टवर खूश आहेत. घरचे म्हणतात, पुनर्जन्म झाला, आता नव्याने जग. बरोबर उपचार घेणाऱ्या एका बाईंनी सांगितलं की कॅन्सरने त्यांना जगायला शिकवलं. आणि तुम्ही लिहिता, “मला काहीच शिकवलं नाही. कामावर जाते, परत येते, मध्येच वाटतं की हे सगळं कशासाठी? माझं काही चुकतंय का? अर्थ शोधायचा म्हणजे नेमकं करायचं काय?”

तुमचं काहीही चुकत नाहीये. कॅन्सर म्हणजे पेशींची बेलगाम वाढ. तो कुणाला धडा द्यायला येत नाही. ज्यांना या काळात काही गवसलं त्यांनी ते स्वतःच्या बळावर मिळवलं आणि श्रेय आजाराला देऊन मोकळे झाले. त्यांचा अनुभव खोटा नाही. पण तोच अनुभव दुसऱ्याकडून अपेक्षिला जाऊ लागला की एक नवीन परीक्षा सुरू होते: आधी बरे व्हा, मग त्यातून काहीतरी उदात्त शिकून दाखवा. या दुसऱ्या परीक्षेने दमलेली माणसं माझ्याकडे नेहमी येतात.

मी मानसशास्त्रज्ञ आहे आणि बरीच वर्षं कॅन्सरच्या रुग्णांबरोबरच काम करते. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला त्याच्याशी भांडता येईल. अर्थ आजारात शोधायला जाऊ नये. तुमच्या जगण्याला तो निदानाच्या आधीही होता, फक्त त्याचा कधी हिशेब मांडायची वेळ आली नव्हती. आजाराने आणि उपचारांनी त्याच्याकडे जाणाऱ्या काही वाटा बंद केल्या. कोणत्या बंद झाल्या, कोणत्या थोड्या खटपटीने उघडतील आणि कोणत्या कायमच्या गेल्या, हे एकेक करून पाहायचं. ऐकायला किरकोळ, करायला जड.

आता, रिपोर्ट चांगले आल्यावरच असं रितं का वाटावं? उपचार चालू असताना दिवसांना आपोआप आकार असतो. केमोची पुढची सायकल कधी, पांढऱ्या पेशी किती, उलटीची गोळी जेवणाआधी की नंतर. “कशासाठी?” या प्रश्नाचं उत्तर तयार असतं: पुढच्या तारखेपर्यंत पोहोचण्यासाठी. शेवटचं रेडिएशन झालं की हा आकार एका दिवसात नाहीसा होतो. रोज भेटणाऱ्या नर्स भेटत नाहीत. चौकशीचे फोन कमी होतात, कारण लोकांच्या लेखी तुम्ही बऱ्या झालात. आणि मनाला नेमकी तेव्हाच पहिल्यांदा फुरसत मिळते. इतके महिने थोपवून धरलेलं सगळं मग एकदम अंगावर येतं. उपचार संपल्यानंतरचे काही महिने कित्येकांना उपचारांपेक्षा कठीण जातात, आणि त्याबद्दल कुणी आधी सांगितलेलं नसतं.

ज्यांचं निदान नुकतंच झालंय त्यांची गोष्ट वेगळी. एव्हरी वाइसमन आणि विल्यम वर्डन या अमेरिकी संशोधकांनी १९७० च्या दशकात निदानानंतरच्या पहिल्या १०० दिवसांचा अभ्यास केला होता. त्या दिवसांत माणसाच्या मनात जगण्यामरण्याचे प्रश्नच सगळ्यांत वर असतात, असं त्यांना दिसलं. अशा माणसाला “यातून अर्थ शोध” असं सांगणं म्हणजे क्रौर्य आहे. त्या काळात झोप, खरी माहिती, सोबत आणि उपचारांचा आराखडा एवढं पुरे. अर्थ वगैरे थांबू शकतो.

तुमच्या बाबतीतही मी आधी शरीराबद्दलच विचारीन. थकवा किती आहे? उपचारांनंतरचा थकवा विश्रांती घेऊनही जात नाही, महिनोन्महिने टिकतो, आणि त्यात सगळंच निरर्थक वाटू लागतं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलंय का? टॅमॉक्सिफेनमुळे अंगातून गरम वाफा येऊन रात्री जाग येते का? दुखणं आहे का? झोप नसलेल्या माणसाला जगण्याचा अर्थ सापडत नाही, आणि त्यात तत्त्वज्ञानाचा काही दोष नसतो. थकव्यावर चालण्यासारखा नियमित, झेपेल एवढा व्यायाम उपयोगी पडतो, याला भक्कम पुरावा आहे. दमलेल्या माणसाला “चाला” म्हणणं चमत्कारिक वाटतं खरं, पण पूर्ण विश्रांतीने हा थकवा वाढतो असाच अनुभव आहे. किती आणि कसं चालायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

दुसरी तपासणी मनाची. नैराश्य आणि अर्थ हरवणं या दोन गोष्टी शेजारी राहतात, पण एक नव्हेत. ऑस्ट्रेलियातले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड किसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुसऱ्या अवस्थेचं, म्हणजे उमेद खचण्याचं, नीट वर्णन केलं आहे. नैराश्यात आनंद घेण्याची क्षमताच मंदावते. आवडतं माणूस समोर आलं तरी आत काही हलत नाही. उमेद खचलेल्या माणसाचं तसं नसतं. तो विनोदाला हसतो, नातवंड मांडीवर आलं की त्याचा चेहरा उजळतो, पण पुढचा महिना डोळ्यासमोर आणायला सांगा, तिथे त्याला काही दिसत नाही. “मी कशाला उपयोगी नाही, आता काही बदलणार नाही” असं तो म्हणतो. हा फरक महत्त्वाचा, कारण नैराश्याला औषध आणि उपचार लागतात, आणि त्याच्यावर अर्थाचे व्यायाम लादले तर माणूस आणखी अपराधी होतो. कॅन्सरमध्ये भूक, वजन, झोप ही लक्षणं फसवी असतात. ती आजारानेही बिघडतात. म्हणून मी इतर गोष्टी पाहते: दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ दिवसभर उदास वाटणं, कशातच रस नसणं, आपण घरच्यांना ओझं आहोत ही ठाम समजूत, जगू नये असे विचार. शेवटचं असेल तर हे उत्तर वाचत बसू नका. आजच घरातल्या कुणाला आणि डॉक्टरांना सांगा.

तुमच्या लिहिण्यावरून मला नैराश्यापेक्षा दुसरी शक्यता अधिक वाटते, पण पत्रावरून निदान करणारी मी नव्हे. प्रत्यक्ष भेटीत कुणीतरी हे तपासलं पाहिजे.

आता त्या “पॉझिटिव्ह राहा” प्रकरणाकडे येते, कारण ते बाजूला केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मन खंबीर असेल तर कॅन्सर हरतो, या समजुतीला एकेकाळी संशोधनाचा थोडा आधारही मिळाला होता. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ मध्ये ८६ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेला होता. गटोपचार घेतलेल्या स्त्रिया सरासरी जवळपास दुप्पट काळ जगल्या, असं त्यात दिसलं. जगभर गाजावाजा झाला. नंतर २००१ मध्ये २३५ स्त्रियांवर तसाच मोठा अभ्यास झाला, आणि २००७ मध्ये खुद्द स्पीगल यांच्याच गटाने तो पुन्हा करून पाहिला. दोन्हींत एकूण आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. २००१ च्या अभ्यासात एक गोष्ट मात्र दिसली: गटात बसलेल्या स्त्रियांची मनःस्थिती सुधारली आणि दुखणं कमी जाणवलं. त्याच २००७ साली मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन यांनी डोक्याच्या आणि मानेच्या कॅन्सरच्या १०९३ रुग्णांची माहिती तपासली. मन किती आनंदी आहे यावरून कोण किती जगेल याचा अंदाज लागत नव्हता.

हे मी रुग्णांना सांगते तेव्हा काहींना धक्का बसतो, पण बरेच जण सुटकेचा श्वास सोडतात. म्हणजे काल रात्री रडले म्हणून गाठ परत येणार नाही. घाबरले म्हणून केमो वाया जाणार नाही. मन सांभाळायचं ते आजचा दिवस बरा जावा म्हणून. आयुष्याची लांबी मनाच्या हवाली करायची नाही. तेवढं एक ओझं उतरलं की रडायला, चिडायला आणि मग इतर कशाकडे बघायलाही जागा होते.

“मीच का?” हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी तो आत कुठेतरी असणार. त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. एक कारणाचा. त्याचं थोडंफार उत्तर डॉक्टर देऊ शकतात: अनुवंश, वय, संप्रेरकं, आणि पेशी विभागताना डीएनएची नक्कल करताना आपसूक होणाऱ्या चुका. या शेवटच्या कारणात कुणाचाच हात नसतो. दुसरा प्रश्न न्यायाचा: मी कुणाचं काय वाईट केलं? याला विज्ञानाकडे उत्तर नाही, आणि माझ्याकडेही नाही. फक्त एवढं सांभाळा की या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा अधिकार येणाऱ्याजाणाऱ्याला देऊ नका. कुणी कर्माचा हिशेब काढतं, कुणी “तू फार टेन्शन घ्यायचीस” म्हणून निकाल लावतं. त्यांना तुमच्या आजाराचं कारण हवं असतं, म्हणजे आपल्याला तो होणार नाही अशी त्यांची खात्री पटते. त्यांच्या भीतीचं बिल तुम्ही का भरायचं?

श्रद्धा असेल तर ती वापरा. देवावर राग आला असेल तर तोही येऊ द्या. मी पाहिलेल्या कित्येक श्रद्धावान माणसांनी देवाशी कडाक्याचं भांडण केलं आणि तरी प्रार्थना सोडली नाही. श्रद्धा नसेल तर आजारापुरती उसनी आणायची गरज नाही.

आता मुख्य भाग. “अर्थ” हा शब्द फार मोठा झाला की माणूस बिचकतो. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी तो बराच हाताशी आणून ठेवला. १९४२ ते १९४५ या काळात ते नाझी छळछावण्यांत होते. आईवडील, भाऊ, पत्नी सगळे त्यात गेले. त्यांचं म्हणणं असं की माणसाला अर्थ तीन ठिकाणी भेटतो: तो जगाला जे देतो त्यात, जगाकडून जे अनुभवतो त्यात, आणि जे टाळता येत नाही त्याला तो कसा सामोरा जातो त्यात. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कॅन्सर केंद्रातले विल्यम ब्राइटबार्ट यांनी यावर कॅन्सरच्या रुग्णांसाठी आठ बैठकींचा गटोपचार बांधला आणि चौथं ठिकाण जोडलं: आपण कुठून आलो आणि मागे काय ठेवणार. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत २५३ रुग्ण होते, सगळ्यांचा आजार पुढच्या टप्प्यातला. साध्या आधारगटाशी तुलना केली तेव्हा या उपचाराने निराशा आणि लवकर मरण यावं ही इच्छा अधिक कमी झाली. म्हणजे हा काही हवेतला विषय नाही. त्यावर काम करता येतं, आणि ते मोजताही येतं.

त्या बैठकींमधला एक व्यायाम मी जवळजवळ सगळ्यांबरोबर करते. कागदावर “मी कोण?” लिहायचं आणि खाली चार उत्तरं. मग त्या प्रत्येकापुढे लिहायचं की कॅन्सरने याचं काय केलं. पहिली उत्तरं बहुधा भूमिका असतात: आई, अकाउंटंट, थोरली बहीण, धावणारी. दुसऱ्या रकान्यात आल्यावर पेन थांबतं. थांबू द्या. घाई करून उपयोग नाही.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून. सुतारकाम करणारे एक गृहस्थ होते. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने बोटं बधिर झाली. बहुतेकांची संवेदना हळूहळू परत येते, त्यांची पुरेशी आली नाही. रंधा हातात धरला तरी लाकूड जाणवेना. त्यांनी “मी सुतार” असं लिहिलं आणि त्यापुढे “होतो” जोडलं. घरचे समजूत घालत होते की नवीन छंद लावून घ्या. ते चिडायचे, आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. चाळीस वर्षांच्या कामाच्या जागी छंद कसा बसेल? आम्ही बरेच दिवस एकाच प्रश्नावर घालवले: त्या कामातलं तुम्हाला नेमकं काय आवडायचं? पैसा, लाकडाचा वास, लोकांची वाहवा, अशी उत्तरं आली, पण ती सांगताना त्यांचा आवाज बदलत नव्हता. मग एकदा ते म्हणाले, “सांधा असा बसला पाहिजे की मध्ये नखही जाऊ नये.” आवाज बदलला. नेटकेपणा. कुणी बघो न बघो, काम चोख झालं पाहिजे. तो त्यांच्या हातांत नव्हता, नजरेत होता, आणि नजर शाबूत होती. पुढे ते दोन तरुण कारागिरांचं काम तपासायला लागले. बोटं सुधारली नाहीत. हळहळही गेली नाही. रंध्याचा आवाज ऐकला की आजही त्रास होतो म्हणाले. पण “होतो” हा शब्द त्यांनी स्वतः खोडला.

यात मला महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट: भूमिका गेली की माणसाला वाटतं, अर्थही गेला. पण भूमिकेखाली एक मूल्य असतं, आणि मूल्याला दुसरं शरीर मिळू शकतं. कधी मिळत नाही, हेही खरं. आई व्हायचं होतं आणि उपचारांनी ती शक्यता संपली, अशा स्त्रीला मी “त्याखालचं मूल्य शोधू या” म्हणून घाई करणार नाही. काही नुकसानांचं फक्त दुःख करायचं असतं, पुरेसं आणि नीट. ते टाळून थेट अर्थाकडे धावणारी माणसं पुढे कुठेतरी अडखळतात.

तुम्ही लिहिलंय, “घरी मला कुणी काही करू देत नाही.” एका ओळीत उरकलंय, पण मला वाटतं तुमच्या प्रश्नाचा मोठा भाग तिथे आहे. आजारी माणसावर प्रेम करणारे लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे त्याच्याकडून सगळी कामं काढून घेतात. तू आराम कर. आम्ही बघतो. केमोच्या दिवसांत ते योग्यच होतं. पण मग ती कामं परत द्यायचं कुणाला सुचत नाही. मुलाच्या शाळेचे निर्णय आता वडील घेतात. सासूबाईंच्या औषधांचं वेळापत्रक जावेकडे गेलं. वाईट बातम्या तुमच्यापासून लपवल्या जातात. हेतू प्रेमाचा, परिणाम असा की ज्या माणसावर कालपर्यंत चार जण अवलंबून होते, तो आज कुणालाच लागत नाही. आणि ज्याची कुणाला गरज नाही त्याला जगणं निरर्थक वाटलं तर त्यात नवल काय? फ्रँकल “जबाबदारी” या शब्दावर इतका भर देतात तो यासाठीच. अर्थ पुष्कळदा शांत बसून सापडत नाही, कुणीतरी आपली वाट बघतंय यातून येतो.

म्हणून घरच्यांशी बोला, आणि मोघम बोलू नका. “मला सामान्य वागवा” असं म्हटलं तर त्यांना काय करायचं ते कळत नाही. एक ठरावीक जबाबदारी परत मागा, तुमच्या ताकदीला झेपणारी, आणि ती खरी असू द्या. तुम्ही केली नाही तर कुणाचं तरी अडेल अशी. मन रमवायला म्हणून दिलेलं काम माणसाला लगेच ओळखू येतं. नातेवाईक हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते: रुग्णाचा सल्ला विचारा. तुमची स्वतःची अडचण त्यांच्यासमोर मांडा. आजारी माणसासमोर आपली रडगाणी कशाला, असं तुम्हाला वाटतं. त्यांना वाटतं की आपण आता हिशेबातच नाही.

जे अनुभवतो त्यातला अर्थ हा भाग लोक कमी लेखतात. त्याला कर्तृत्व लागत नाही, त्यामुळे तो मोजण्यालायक वाटत नाही. संगीत, पाऊस, कुणाचा तरी हात, एखादा वाह्यात विनोद. अंगात काहीच त्राण नसेल त्या दिवशी हाच स्रोत उघडा असतो. फक्त “प्रत्येक क्षण भरभरून जगायचा” या हट्टाने त्याची माती करू नका. रांगेत उभं राहण्याचे, पासवर्ड विसरण्याचे, कंटाळ्याचे क्षण कॅन्सरनंतरही तसेच कंटाळवाणे असतात आणि असू द्यावेत.

आणि हो, मोठे निर्णय. वेळ मर्यादित आहे हे एकदा जाणवलं की माणसाच्या पसंती बदलतात. पसारा नको वाटतो, मोजकी माणसं हवीशी वाटतात. हा बदल स्वाभाविक आहे. पण नोकरी सोडणं, नातं तोडणं, सगळी बचत एखाद्या स्वप्नात घालणं हे उपचार संपल्यावर लगेच नको. थकवा ओसरू द्या, झोप परत येऊ द्या, आणि मगही तेच वाटलं तर खुशाल करा. ज्या भेटीगाठी केवळ भिडेखातर चालल्या होत्या त्या बंद करायला मात्र कशाचीच वाट बघू नका.

आजार परतण्याची भीती याने जाईल का? नाही. स्कॅनच्या आधीचे दिवस वाईटच जातात. तिथे मदत होते ती साध्या माहितीची: कोणती लक्षणं, किती दिवस टिकली तर कळवायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. मग प्रत्येक पाठदुखीवर रात्रभर विचार करावा लागत नाही.

रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात आघातानंतरच्या वाढीवर बरंच काम केलं. नाती घट्ट होणं, स्वतःच्या ताकदीची जाणीव, अग्रक्रम बदलणं असे बदल अनेकांत दिसतात. त्यातला लोक सोयीस्करपणे विसरतात तो भाग असा की ही वाढ दुःखाच्या जागी येत नाही, दुःखाच्या शेजारी येते. तुमच्याबरोबर उपचार घेणाऱ्या त्या बाई खरंच बदलल्या असतील आणि तरी रात्री घाबरत असतील. तुम्हाला त्यांचं दिवसाचं बोलणं ऐकू आलं एवढंच.

हे उत्तर असेही लोक वाचतील ज्यांचा आजार बरा होणारा नाही. त्यांना मी वेगळी भाषा बोलणार नाही. वर लिहिलेलं बरंचसं मुळात त्यांच्यासाठीच विकसित झालं. टोरांटोचे मानसोपचारतज्ज्ञ गॅरी रॉडिन आणि सहकाऱ्यांची तीन ते सहा बैठकींची एक पद्धत आहे. त्यात लक्षणं, नाती, अर्थ आणि मृत्यू या सगळ्यांवर मोकळेपणाने बोलतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०५ रुग्णांच्या चाचणीत तिने नैराश्य कमी झालेलं दिसलं. कॅनडाचेच मानसोपचारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव रुग्णाची मुलाखत घेतात: तुमच्या आयुष्यातलं काय लक्षात राहावं, कुणाला काय सांगायचं राहिलंय. ती लिहून, नीट करून, रुग्णाला वाचून दाखवतात आणि मग त्याच्या हवाली करतात. त्यांच्या २०११ च्या चाचणीत मनस्तापाच्या मोजमापांत फारसा फरक पडला नाही, पण रुग्णांनी हा अनुभव आपल्याला आणि घरच्यांना उपयोगी पडला असं सांगितलं. माझाही अनुभव साधारण तसाच. एकच सावधगिरी: मुलांसाठी पत्रं लिहिताना त्यांना आज्ञा देऊ नका. “तू डॉक्टर हो” हे वाक्य वीस वर्षांनी त्या मुलाच्या मानेवर बसतं. “तू लहानपणी असं हसायचीस” हे चालतं.

पॅलिएटिव्ह उपचार, म्हणजे दुखणं आणि इतर त्रास कमी करणारे उपचार, यांचं नाव काढलं की लोक दचकतात, जणू डॉक्टरांनी हात टेकले. अमेरिकी कॅन्सरतज्ज्ञ जेनिफर टेमेल यांच्या २०१० च्या अभ्यासात फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरचे १५१ रुग्ण होते. ज्यांना निदानानंतर लगेच हे उपचार जोडीला मिळाले त्यांचं जगणं अधिक सुसह्य झालं, नैराश्य कमी राहिलं, आणि ते सरासरी जास्त काळ जगले: ११.६ महिने, इतर ८.९. दुखणं आटोक्यात असेल तरच माणूस दुसऱ्या कशाचा विचार करू शकतो. म्हणून ही मागणी रुग्णाने स्वतः, आणि लवकर करावी.

तुम्ही पुढे काय करायचं? पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना “ठीक आहे” असं सांगून उठू नका. थकवा, झोप आणि हे रितेपण, तिन्ही गोष्टी नाव घेऊन सांगा. रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक असतील तर भेट मागा. नसतील तर बाहेरचे चालतील, पण पहिल्याच भेटीत विचारा की गंभीर आजाराच्या रुग्णांबरोबर काम केलंय का. मरणाचा विषय निघताच जो घाईने धीर देऊ लागतो, त्याच्याकडे परत जाऊ नका. आधारगटात जायचं असेल तर तुमच्यासारख्याच टप्प्यावरच्या लोकांचा निवडा. दोनतीनदा जाऊन जड वाटलं तर सोडून देण्यात काही गैर नाही. आणि नैराश्याची गोळी सुरू करायची वेळ आली तर मानसोपचारतज्ज्ञांना टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं आवर्जून सांगा. पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन यांसारखी काही औषधं शरीरात टॅमॉक्सिफेनचं सक्रिय रूप तयार होण्यात अडथळा आणतात. त्यांना पर्याय आहेत, फक्त लिहून देणाऱ्याला ते माहीत असायला हवं. आधीपासून यातलं काही घेत असाल तर मनाने बंद करू नका. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला सांगा.